दहा दिवसांचे शिबिर आणि अकरावा दिवस



मागच्या महिन्यात रविवारची वंदना संपल्यावर साकीनाक्याच्या आमच्या विहारात एक ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा मुलगा बावीस वर्षांचा. दोन वर्षांपासून मानसिक आजाराची औषधे चालू आहेत. गोळ्या सुरू झाल्यापासून तो बरा आहे, खैरानी रोडच्या एका गाळ्यात पॅकिंगच्या कामालाही जातो. ताईंना कोणीतरी सांगितले होते, "गोळ्या बंद करा, त्याला दहा दिवस इगतपुरीला पाठवा, कायमचा बरा होईल." ताई मला विचारत होत्या, "मॅडम, तुम्ही स्वतः जाऊन आलात ना? मग पाठवू का?"

मी जाऊन आले आहे, हे खरे. शिबिराचा मला फायदा झाला, हेही खरे. तरी मी त्यांना म्हणाले, "ताई, आत्ता नको. आणि गोळी एक दिवससुद्धा चुकवू नका."

असे का सांगितले, आणि मग शिबिर नेमके कोणासाठी, हे सगळ्यांना नीट कळावे म्हणून या वेळचे आरोग्य पान त्यावरच लिहिते आहे.

माझी गोष्ट, थोडक्यात

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी वॉर्डात बरीच वर्षे काढली. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या वॉर्डात होते. त्या दिवसांत जे पाहिले ते घरी कोणाला सांगता येत नव्हते. लाट ओसरली, पण माझी झोप परत आली नाही. रात्री तीनला डोळे उघडायचे. कुकरची शिट्टी झाली तरी छाती धडधडायची. मुलीवर विनाकारण ओरडायचे आणि मग मोरीत जाऊन रडायचे. दुसऱ्यांना बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्यायला सांगणारी मी, स्वतःला मात्र "काही नाही, थकवा आहे" असे समजावत राहिले.

शेवटी एका सहकारी सिस्टरने हाताला धरून मानसोपचार विभागात नेले. तिथे औषध मिळाले, समुपदेशन मिळाले. झोप सावरल्यावर, डॉक्टरांना विचारून, मी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. हा क्रम लक्षात ठेवा: आधी उपचार, मग शिबिर. पुढे जे सांगणार आहे त्याचा गाभा हाच.

योगाची महागडी शिबिरे आणि आपली शिबिरे

आजकाल मोबाइलवर योग शिबिरांच्या जाहिराती खूप दिसतात. गोवा, लोणावळा, ऋषिकेश. चार दिवस राहणे, आसने, मालिश, मनःशांती. दर ऐकला तर आपल्या घरातल्या दोन कमावत्या माणसांचा महिन्याचा पगार जाईल. योगासने शरीराला चांगलीच. सांधे मोकळे होतात, श्वास खोल जातो, झोप सुधारते. पण मनःशांती ही पैसेवाल्यांची मिरास आहे असे कोणी समजू नये.

आपल्या जवळच दोन वाटा आहेत आणि दोन्ही तथागतांच्या शिकवणीतून आलेल्या आहेत.

पहिली वाट इगतपुरीच्या धम्मगिरीची. सत्यनारायण गोएंका हे म्यानमारमधले, म्हणजे तेव्हाच्या ब्रह्मदेशातले, मोठे व्यापारी. त्यांचा जन्म १९२४ चा, मंडालेचा. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता. दुखणे इतके की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्याचीच सवय लागेल अशी भीती निर्माण झाली. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू कोणी मठातले भिक्खू नव्हते. ते गृहस्थ होते आणि सरकारात महालेखापालाच्या पदावर नोकरी करत होते. गोएंकांनी डोकेदुखी बरी व्हावी म्हणून शिकायचे आहे असे सांगितले तेव्हा ऊ बा खिन यांनी त्यांना नकार दिला. ही विद्या मनाचे विकार काढण्यासाठी आहे, डोकेदुखीच्या इलाजासाठी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हेतू बदलून आल्यावरच त्यांना प्रवेश मिळाला.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. शिबिर म्हणजे दवाखाना नव्हे, हे खुद्द गुरूनेच पहिल्या दिवशी सांगून ठेवले आहे.

गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले. १९७६ मध्ये इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजाराहून जास्त कैदी एकाच शिबिरात बसले होते. आपल्या बोरिवलीसमोर, गोराई खाडीपलीकडचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा ८ फेब्रुवारी २००९ रोजी खुला झाला. त्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि आत सुमारे आठ हजार माणसे बसू शकतात. सुट्टीच्या दिवशी आपण बोटीने जातो, फोटो काढतो आणि परत येतो. पुढच्या वेळी तिथे नवीन माणसाला श्वासाची ओळख करून देतात का, ते विचारा आणि बसून या. त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरी वाट भाज्याची. लोकमित्र हे इंग्लंडमधले धम्मचारी १९७७ मध्ये भारतात आले ते पुण्याला बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे योग शिकायला. त्याच प्रवासात, ऑक्टोबरमध्ये, ते नागपूरला पोहोचले. धम्मदीक्षेला एकवीस वर्षे झाली होती आणि दीक्षाभूमीवर लोटलेला जनसागर त्यांनी पाहिला. योग शिकायला आलेला माणूस आपल्या लोकांत काम करायला राहिला. १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे काम पुण्यातून सुरू झाले. मळवली स्टेशनजवळ, भाज्याच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे शिबिर केंद्र आहे. तिथली शिबिरे मराठीत होतात. आनापान आणि मैत्री भावना शिकवतात, आणि बाबासाहेबांच्या विचारांवर चर्चाही असते. ज्यांना दहा दिवस गप्प बसण्याची धास्ती वाटते त्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही.

दहा दिवसांत काय होते?

इगतपुरीच्या शिबिरात पहाटे ४ वाजता घंटा होते. साडेचारपासून ध्यान. साडेसहाला नाश्ता, ११ वाजता जेवण, संध्याकाळी ५ वाजता नवीन साधकांना चहा-दूध आणि फळ. रात्रीचे जेवण नाही. दिवसभरात मिळून सुमारे दहा तास ध्यान, संध्याकाळी प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. मोबाइल जमा करावा लागतो. वाचन नाही, लिखाण नाही, पूजापाठ नाही, गंडा-दोरा नाही. स्त्री-पुरुषांची सोय वेगळी असते. दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन पाळायचे, म्हणजे बोलणे नाही आणि खाणाखुणाही नाहीत. अडचण असेल तर आचार्यांशी किंवा धम्मसेवकाशी बोलता येते. अकराव्या दिवशी सकाळी घरी. राहण्या-जेवणाची फी नाही. पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळे चालते.

पहिले तीन दिवस फक्त आनापान. नाकातून आत येणारा-बाहेर जाणारा श्वास जसा आहे तसा पाहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. डोक्यापासून पायापर्यंत शरीरावर जे जाणवेल ते पाहायचे: खाज, उष्णता, दुखणे, मुंग्या. आवडले म्हणून चिकटायचे नाही, नावडले म्हणून झटकायचे नाही. शेवटी मैत्री, म्हणजे सगळ्यांच्या भल्याची भावना.

यात मनाला आराम का पडतो, ते नर्स म्हणून सांगते. भीती किंवा राग आला की शरीर लढाईच्या तयारीला लागते. नाडी वाढते, श्वास वर अडकतो, पोट आवळते, तोंड कोरडे पडते. संकट टळले की हे सगळे खाली यायला हवे. पण आपल्या वस्तीत संकट टळतच नाही. पाण्याची वेळ, भाड्याची तारीख, गाळ्यात मुकादमाची शिवी, डोक्यावरून जाणारी विमाने, घरात नवऱ्याची बाटली, आणि आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा बदललेला चेहरा. शरीर कायम लढाईतच राहते. मग झोप जाते, ॲसिडिटी होते, बीपी वाढतो आणि हात मुलांवर उठतो.

शांत बसून श्वास पाहिला की तो हळूहळू संथ होतो. संथ श्वासाने शरीराची दुसरी यंत्रणा, विश्रांतीची, पुढे येते आणि नाडी खाली येते. हे झाले शरीराचे. मनाचे असे की राग येण्याआधी शरीर खूण देते. माझ्या बाबतीत कान तापतात. शिबिराआधी मला हे माहीतच नव्हते. आता कान तापले की कळते, राग येतो आहे. ओरडायच्या आधी दोन श्वासांची फट मिळते. दहा दिवसांतून मी घरी काय आणले असे विचाराल, तर एवढी फट आणली. पण तेवढ्यानेच माझी मुलगी आता माझ्याशी बोलते.

सगळे गोड होते असे मात्र नाही. चौथ्या दिवशी मी खूप रडले. वॉर्डातले चेहरे एकामागून एक समोर आले. पाचव्या दिवशी पिशवी भरून पळून यावेसे वाटले. पाठ आणि गुडघे इतके दुखले की खुर्ची मागून घेतली. खुर्ची मिळते, मागायला लाजू नका.

कोणी जाऊ नये, किंवा आधी डॉक्टरांना विचारावे?

हा भाग कापून ठेवा.

ज्यांना भास होतात, कानात आवाज येतात, संशयाचा आजार आहे, कधी अति उत्साह तर कधी अति खिन्नता असा आजार आहे, किंवा मरणाचे विचार येतात, त्यांनी दीर्घ मौनाच्या शिबिराला जाऊ नये. दहा-दहा तास मन आत वळवल्याने असा आजार उसळू शकतो. केंद्राच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात. ती लपवू नका. लपवून प्रवेश मिळाला तरी धोका आपल्याच लेकराला आहे. आणि शिबिरासाठी मानसिक आजाराची, फिटची, बीपीची, टीबीची कोणतीही गोळी बंद करायची नाही. चिठ्ठी आणि गोळ्या सोबत न्यायच्या, तिथे सांगून ठेवायच्या. टीबीचे उपचार नुकतेच सुरू झाले असतील तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत सगळ्यांसोबत राहायला जाऊ नये.

मधुमेह असेल तर वेळापत्रक नीट पाहा. ११ वाजता जेवण, ५ वाजता फळ, मग थेट सकाळी साडेसहा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर रात्री साखर घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे. डोस कसा बदलायचा आणि खाण्याची काय सवलत मिळेल, हे आधी डॉक्टरांना आणि केंद्राला विचारा.

दारू. घरातले वैतागतात आणि रोज पिणाऱ्या माणसाला सरळ शिबिरात टाकायचे म्हणतात. हे करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते, नसलेले दिसायला लागते. यात जीव जाऊ शकतो. आधी रुग्णालयात औषधांच्या आधाराने दारू सोडवायची. तो सावरला की मग शिबिर. बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा पाळायला त्याला मदत हवी आहे, शिक्षा नको.

आणि बायकांसाठी एक गोष्ट. नवरा मारतो म्हणून मन अशांत असेल तर त्यावर श्वास पाहणे हा उपाय नाही. सहन करायला शिकण्यासाठी धम्म नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, महिला हेल्पलाइन १८१ आहे, आपले महिला मंडळ आहे. आधी मार थांबला पाहिजे.

"डोळे मिटून बसल्याने अन्याय थांबतो का?"

हा प्रश्न आपली तरुण पोरे मला नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, आपली दहा माणसे गेली. ती जखम ध्यानाने भरत नाही, तिला न्याय लागतो. बाबासाहेबांनी दुःखाचे मूळ फक्त मनाच्या आत शोधले नाही. माणूस माणसाशी कसा वागतो, यातही ते दाखवले. म्हणून कोणी तुम्हाला सांगत असेल की मोर्चा सोडा, संघटना सोडा, फक्त आत पाहा, तर ते मला मान्य नाही. प्रवचनांतल्या पूर्वजन्माच्या गोष्टीही मला पटल्या नाहीत. त्या मी तिथेच ठेवून आले. तपासून घ्या, पटेल ते स्वीकारा, ही तर आपलीच रीत.

पण दुसरी बाजूही पाहा. आपले किती कार्यकर्ते बीपीने, दारूने, चिडचिडीने वेळेआधी संपले ते आठवा. समाजासाठी रात्रंदिवस धावणारा माणूस घरी बायकोवर हात उगारतो, हेही आपण पाहिले आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक कर्मान्त आहे तशी सम्यक स्मृती आणि सम्यक समाधीही आहे. लढणाऱ्याचे मन धड असले तर लढा लांब टिकतो.

अकरावा दिवस

शिबिर फुकट आहे, पण आपल्यासाठी ते फुकट पडत नाही. दहा दिवसांचा रोज बुडतो. पाणी कोण भरणार, मुलांचा डबा कोण करणार, सासूचे औषध कोण देणार? म्हणून आमच्या बचत गटाने एक पद्धत पाडली. एक बाई शिबिराला गेली की शेजारच्या दोघी तिचे घर वाटून घेतात आणि गट तिला थोडी उचल देतो. पुढच्या खेपेला ती दुसरीचे घर सांभाळते. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी कार्यालयात चौकशी करावी. राज्य कर्मचाऱ्यांसाठी विपश्यनेच्या रजेची तरतूद आहे. अर्ज ऑनलाइन भरतात आणि जागा लवकर संपतात, म्हणून दोन महिने आधी भरा. विहारातल्या शिकलेल्या मुलांना सांगा, ती भरून देतील. जायला साकीनाक्याहून मेट्रोने घाटकोपर, लोकलने कल्याण आणि पुढे नाशिककडची गाडी. घाट चढला की इगतपुरी.

ज्यांना जाणे जमणारच नाही त्यांनी घरी रोज दहा मिनिटे बसावे. नळाला पाणी यायच्या आधी पोटमाळ्यावर बसा, नाहीतर संध्याकाळी विहारात. पाठ ताठ पण आखडलेली नको. भिंतीला टेकले तरी चालेल. डोळे मिटा. श्वास मुद्दाम मोठा करायचा नाही, रोखायचा नाही. नाकाच्या टोकाशी येतो-जातो तो फक्त पाहायचा. मन भाड्यावर जाईल, भांडणावर जाईल, जाऊ द्या. कळले की न चिडता परत श्वासावर आणा. शेवटी एक मिनिट घरच्यांचे, शेजाऱ्यांचे आणि जमले तर ज्याच्याशी वाकडे आहे त्याचेही भले व्हावे असे मनात आणा. बसल्यावर घाबरे वाटले तर डोळे उघडा, तळपाय जमिनीला टेकलेले जाणवून घ्या, उठून पाणी प्या. जबरदस्ती करू नका.

आणि हे लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप किंवा भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, सारखे रडू येत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. कूपर, सायन, केईएम, नायर इथे मानसोपचाराची ओपीडी आहे. टेली मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. व्यसनासाठी १४४४६. घरातले कोणी मरणाची भाषा करत असेल तर "नाटक करतो" म्हणू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

त्या ताईंचे पुढे काय झाले ते सांगते. त्यांनी गोळ्या चालू ठेवल्या आणि मुलाच्या डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, दहा दिवसांचे शिबिर नको, रोजची दहा मिनिटे बसू द्या, आणि त्रास वाटला तर थांबवा. आता मायलेक दोघे संध्याकाळी विहारात येऊन बसतात. मुलगा मागच्या रांगेत, दाराजवळ बसतो, कधी दहाची पाच मिनिटेच बसतो. आई डोळे मिटायच्या आधी एकदा मागे वळून बघते. तो दिसला की मग बसते.

वर्षावासात आपल्या विहारात ग्रंथवाचन होतेच. वाचन सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिळून दहा मिनिटे शांत बसायला सुरुवात करू या. आणि कोणाच्या घरी मनाचा आजार असेल तर लपवू नका. येऊन सांगा. मी रविवारी वंदनेनंतर विहारातच असते.

जय भीम. नमो बुद्धाय.